लॉकर घ्यायचा की अ‍ॅक्सल मजबूत करायचा? आधी टायरचं बोलू

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत एकदा मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गाडीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. लॅडर फ्रेमची फोर बाय फोर, मॅन्युअल गिअरबॉक्स, मागे सलग अ‍ॅक्सल, पुढे स्वतंत्र सस्पेन्शन, दोन्हीकडे साधं, म्हणजे उघडं डिफरन्शियल (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच, पुढे नुसतं डिफ). टायर २९ इंची आहेत, आता ३३ इंची घालायचेत. रोजचं जाणं-येणं याच गाडीतून, आणि सुट्टीला चिखल, नदीपात्रातले गोटे, दगडांचे चढ. एक चाक उचललं गेलं की गाडी जागच्या जागी थांबते आणि ते चाक नुसतं गरगरतं. म्हणून तुम्ही विचारलंय, लॉकर (डिफ लॉक करून दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) कोणता, पुढे की मागे, आणि त्याच्या आधी अ‍ॅक्सल मजबूत करून घ्यावा का.

तुम्ही या तीन वेगवेगळ्या खरेद्या धरल्यात. पण हे सगळं एकाच हाउसिंगमध्ये, म्हणजे अ‍ॅक्सलच्या कवचात, बसतं आणि एकाने सोडलेला भार दुसऱ्याच्या अंगावर येतो. लॉकरने इंजिनाची ताकद वाढत नाही. आहे ती ताकद गरज पडली तर एकाच चाकाकडे अख्खी जाऊ शकते, एवढाच फरक पडतो. तेव्हा खरा प्रश्न असा आहे की ३३ इंची टायर आणि लॉक झालेलं डिफ मिळून जो भार तयार होईल, तो या अ‍ॅक्सलला झेपेल का? आणि नाही झेपला तर आधी काय तुटेल?

उघड्या डिफबद्दल एक गैरसमज आधी दूर करतो, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे. ‘उघडं डिफ सगळा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, घसरणाऱ्या चाकाला देतं’ असं सर्रास सांगितलं जातं. तसं होत नाही. ते दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देतं. हवेतलं चाक फिरवायला काहीच जोर लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही काहीच मिळत नाही. गाडी अडकते ती यामुळे. पण याच गुणामुळे तुमचे शाफ्ट (डिफपासून चाकापर्यंत जाणारे दांडे) आजवर शाबूत राहिलेत, कारण कमी पकड असलेलं चाक दुसऱ्या बाजूच्या भारावरही मर्यादा घालत असतं.

आता आकडे घालून बघू. तुमचं इंजिन ३२० न्यूटन-मीटरचं धरा, पहिला गिअर ४.२, लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जास्त जोराचा टप्पा) २.५, अ‍ॅक्सल रेशो (अ‍ॅक्सलमधला मोठा गिअर क्राउन आणि त्याला फिरवणारा लहान पिनियन, यांच्या दातांचं गुणोत्तर) ४.१०. गुणाकार केला तर चाकांपाशी तेरा हजारांहून जास्त न्यूटन-मीटर येतात. घर्षणातली घट वजा केली तरी एवढा टॉर्क जमिनीला देण्याइतकी पकड चार टायर मिळूनही नसते. म्हणजे लो रेंजमध्ये शाफ्टवर किती भार येईल हे इंजिन ठरवत नाही, टायरची पकड ठरवते. सामानासह गाडी २,२०० किलोची, आणि खड्या चढावर त्यातले १,४०० किलो मागच्या अ‍ॅक्सलवर आले असं समजा. कोरड्या दगडावर घर्षणांक ०.८, आणि दबलेल्या ३३ इंची टायरची त्रिज्या ०.४० मीटर. मागच्या अ‍ॅक्सलला घेता येईल असा जास्तीत जास्त टॉर्क साधारण ४,४०० न्यूटन-मीटर येतो. उघड्या डिफमध्ये तो दोन शाफ्टांत वाटला जातो, प्रत्येकी २,२००. लॉकर लावला आणि एक चाक उचललं गेलं, की सगळे ४,४०० एकट्या शाफ्टवर. भार थेट दुप्पट, आणि तोही इंजिनाला हात न लावता. टायरची त्रिज्याही याच गुणाकारात आहे, त्यामुळे २९ वरून ३३ वर जाताना जवळपास १४ टक्के भार नुसत्या टायरमुळे वाढतो.

हा हिशेब टायर घसरू शकतो तोपर्यंतचा. चाक दोन दगडांच्या फटीत अडकलं तर घसरण्याची वाटच बंद होते, आणि मग गुणाकारातला तो तेरा हजारांचा आकडा खरा ठरायला लागतो. शाफ्ट तुटतात ते बहुतेक अशाच वेळी. अडकलेल्या चाकावर कोणीतरी जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, चाक उसळतं, पुन्हा पकडतं, आणि त्या झटक्यात शाफ्ट जातो. चालवणाऱ्याचा उजवा पाय किती शांत आहे यावर अ‍ॅक्सलचं आयुष्य फार अवलंबून असतं. तुमचा पाय मला माहीत नाही, म्हणून पुढचे काही सल्ले ‘जर-तर’चे राहतील.

टायर नक्की झाला की पहिला निर्णय रेशोचा. लोक लॉकर आधी विकत घेतात आणि रेशोचं नंतर बघू म्हणतात. हा क्रम उलटा आहे. बऱ्याच अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या वर गेलं की क्राउन बसवायची जागा सरकते आणि वेगळी केज (डिफचे गिअर धरणारं आवरण) लागते. लॉकर बहुधा त्या केजसकटच येतो. म्हणजे आज ४.१० साठी घेतलेला लॉकर उद्या ४.८८ च्या क्राउनला बसेलच असं नाही. शिवाय दोन्ही कामांना तेच हाउसिंग उघडायचं, तीच बेअरिंग काढायची, त्याच शिम (अंतर जुळवायच्या पातळ चकत्या) पुन्हा लावायच्या. एकदाच उघडा.

रेशो काढायचं गणित सोपं आहे. जुन्या रेशोला नव्या टायरच्या व्यासाने गुणा आणि जुन्या टायरच्या व्यासाने भागा. ४.१० गुणिले ३३ भागिले २९, म्हणजे ४.६७. नेमका हा रेशो तुमच्या अ‍ॅक्सलसाठी बहुधा मिळणार नाही, जवळचे ४.५६ आणि ४.८८ मिळतात. ४.५६ घेतलात तर गाडी मूळच्यापेक्षा किंचित सुस्त, पण हायवेवर शांत. ४.८८ घेतलात तर नव्या टायरचं जादा वजन, बंपर, विंच, छतावरचं सामान हे सगळं धरून गाडी पुन्हा चपळ वाटेल, आणि लो रेंजमध्ये अवघड उतारावर ती जास्त हळू उतरेल. ओझं जास्त असेल तर मी ४.८८ कडे झुकतो. मात्र त्याची एक किंमत आहे. ४.१० मध्ये क्राउनचे ४१ आणि पिनियनचे १० दात असतात, ४.८८ मध्ये सहसा ३९ आणि ८. दात कमी झाले की पिनियनचं डोकं लहान होतं आणि एका वेळी कमी दात भार घेतात. मोठ्या क्राउनच्या अ‍ॅक्सलला याने फरक पडत नाही, लहान क्राउनच्या अ‍ॅक्सलला पडतो. ३५ इंची टायर आणि ५ च्या वरचा रेशो लहान अ‍ॅक्सलमध्ये घालायला मी स्वतः तयार होत नाही. तिथून पुढे अ‍ॅक्सल बदलण्याचीच भाषा करावी.

पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलचा रेशो एकच हवा हे तुम्हाला माहीत असेलच, तरी लिहून ठेवतो, कारण ‘आधी मागचा बदलू, पुढचा नंतर’ असं म्हणणारे भेटतात. तसं केलं आणि फोर बाय फोर जोडलं की ट्रान्सफर केसच (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलला ताकद वाटणारी गिअरची पेटी) पिळून निघते. स्पीडोमीटर ट्रान्सफर केसवरून चालत असेल तर रेशो न बदलता ३३ इंची घातल्यावर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ९१ ने पळत असेल, ४.५६ घातल्यावर तोच काटा जवळपास बरोबर होतो. वेग चाकावरच्या सेन्सरवरून मोजला जात असेल तर रेशोने काही सुधारणार नाही, संगणकात टायरचं माप बदलावं लागेल.

आता लॉकर. तुमच्या गाडीत ब्रेकवर चालणारं ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर आधी त्याचा पुरता उपयोग करून बघा. ते घसरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं, त्या चाकाला अडथळा मिळतो आणि तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकाला जातो. अडचण अशी की दुसऱ्या चाकाला १,००० न्यूटन-मीटर द्यायचे तर पहिल्या चाकाच्या ब्रेकमध्ये १,००० जाळावे लागतात. शिवाय चाक आधी घसरलं पाहिजे, मगच यंत्रणा जागी होते. अधूनमधूनच्या वाटांना हे पुरतं. लांब चिखलात किंवा चढामागून चढ आले की ब्रेक तापतात आणि यंत्रणा स्वतःच माघार घेते.

लिमिटेड स्लिपचे, म्हणजे पूर्ण लॉक न होता घसरण आवरणाऱ्या डिफचे, दोन मुख्य प्रकार. क्लच प्लेटच्या प्रकारात प्लेटा झिजतात, आणि तेलात घर्षण कमी करणारं मिश्रण लागतं, नाहीतर वळणावर गुरगुरतं. टॉर्सनसारख्या गिअरच्या प्रकारात झीज नगण्य आणि रस्त्यावर वागणूक उत्तम, पण त्याचं काम गुणाकारावर चालतं. कमी पकडीच्या चाकाला जेवढा टॉर्क, त्याच्या तिप्पट वगैरे दुसऱ्याला. चाक हवेत गेलं की शून्याची तिप्पट शून्यच. अशा वेळी डाव्या पायाने हलका ब्रेक धरला तर त्या शून्याचं काहीतरी होतं आणि गाडी हलते. बर्फ, वाळू, ओला रस्ता यासाठी मला हा प्रकार फार आवडतो. तुमची तक्रार मात्र चाक उचललं जाण्याची आहे, त्यामुळे याने तुमचं पूर्ण समाधान होणार नाही.

आपोआप चालणाऱ्या लॉकरमध्ये डेट्रॉइट लॉकर अख्खी केज बदलतो, तर ज्याला लंचबॉक्स लॉकर म्हणतात तो मूळ केजमध्येच आतल्या गिअरांच्या जागी बसतो. दुसरा स्वस्त, आणि क्राउन-पिनियनला हात न लावता बसवता येतो, पण केज जुनीच राहते, ती कमजोर असेल तर तडकते. दोन्हींची वागणूक एकसारखी. जोर दिला की लॉक, वळणात बाहेरचं चाक पुढे पळायला लागलं की ती बाजू सुटते. रस्त्यावर टकटक ऐकू येते, वळणात मध्येच पाय काढला की गाडीचं मागचं अंग हलल्यासारखं वाटतं, आणि आखूड व्हीलबेसच्या मॅन्युअल गाडीत हे सगळं ठळक जाणवतं. फक्त सुट्टीची गाडी असती तर मी डेट्रॉइट बिनदिक्कत सुचवला असता, कारण त्यात नळी नाही, वायर नाही, बिघडायला फारसं काही नाही. रोजची गाडी, ओले रस्ते आणि घरातली इतर माणसंही चालवणार असतील तर नको.

उरला बटणाचा लॉकर. हवेवरचा, एआरबीसारखा, किंवा विजेवरचा, ईटनसारखा. बंद असताना साधं उघडं डिफ, चालू केला की दोन्ही चाकं एकत्र. हवेच्या प्रकारात कॉम्प्रेसर लागतो, पण तो टायरमध्ये हवा भरायलाही कामाला येतो. दुखणी निघतात ती नळी आणि सीलांमधून. नळी सायलेन्सरपासून लांब न्या आणि सस्पेन्शन पूर्ण खाली-वर होतं तेवढी ढील ठेवा. विजेच्या प्रकारात वायरिंगची काळजी, आणि त्यातल्या काही रचनांमध्ये पुढून रिव्हर्समध्ये जाताना लॉक क्षणभर सुटून पुन्हा बसतो. गाडी पुढे-मागे झुलवून बाहेर काढायची सवय असेल तर घेण्याआधी हे विचारून घ्या.

पुढे की मागे? चढावर वजन मागे सरकतं, पकड मागे असते, म्हणून पहिला लॉकर मागे. पुढचा लॉकर मागच्यापेक्षा जास्त चमत्कार करतो असं सांगणारे अनुभवी लोक आहेत, आणि दगडाच्या पायरीवर पुढची चाकं चढवताना ते खरंही असतं. पण त्यासाठी पुढचा अ‍ॅक्सल तेवढा दणकट लागतो. तुमच्याकडे पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, म्हणजे सीव्ही जॉइंट (चाक वळलं किंवा वर-खाली झालं तरी त्याला फिरवत ठेवणारा शाफ्टचा सांधा). गाडी उंच केली की जॉइंटचा कोन वाढतो, त्यात स्टिअरिंग पूर्ण वळवलं, पुढचं लॉक केलं आणि जोर दिला, की जॉइंट फुटायला तेवढं पुरतं. पुढे लॉकर लावलाच तर एक नियम पाळा. चाकं सरळ असतील तेव्हाच लॉक, वळायच्या आधी अनलॉक. आणि खड्या चढावरून फसून रिव्हर्समध्ये बाहेर पडताना जपून. रिव्हर्समध्ये मागच्या क्राउन-पिनियनचे दात त्यांच्या कमजोर बाजूने भार घेतात. पुष्कळ क्राउन पुढे जाताना नव्हे, मागे येताना गेलेले असतात.

लॉकर लावल्यावर एक गोष्ट अंगवळणी पाडावी लागते, ती म्हणजे आडवा उतार. उघड्या डिफमध्ये एक चाक घसरतं, दुसरं जवळपास स्थिर राहून गाडीला बाजूला सरकू देत नाही. लॉक केलं की दोन्ही एकदम घसरतात, आणि घसरणाऱ्या टायरला आडवी पकड उरत नाही. गाडी शांतपणे खालच्या बाजूला सरकते. ओल्या मातीच्या आडव्या उतारावर मी लॉकर बंद ठेवतो.

आता अ‍ॅक्सल मजबूत करण्याचं. मागचा तुमचा अ‍ॅक्सल सेमी-फ्लोटिंग असण्याची शक्यता जास्त. त्यात शाफ्ट टॉर्कही वाहतो आणि गाडीचं वजनही. त्यातही दोन जाती आहेत. एकात शाफ्ट बाहेरच्या टोकाला बेअरिंगने धरलेला असतो, दुसऱ्यात डिफच्या आत एका सी-क्लिपने. सी-क्लिपवाला शाफ्ट तुटला की चाकासकट बाहेर सरकू शकतो. तुमचा तसा असेल तर ३३ इंची आणि लॉकरबरोबर चांगले शाफ्ट घेणं मी ऐच्छिक मानत नाही. फुल-फ्लोटिंगमध्ये वजन हब आणि स्पिंडल घेतात, शाफ्ट फक्त फिरवतो; तुटला तर काढून ठेवा आणि पुढच्या चाकांवर घरी या. दूर, एकट्याने, मदत न पोचणाऱ्या ठिकाणी जाणाऱ्यांसाठी हा फरक लॉकरइतकाच महत्त्वाचा आहे.

शाफ्टची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. ३० मिलिमीटरवरून ३३ वर गेलात तर व्यास १० टक्के वाढला, ताकद ३३ टक्के. त्याच व्यासात ४३४० क्रोमोलीसारखं चांगलं पोलाद घेऊनही फायदा होतो, आणि बहुतेकांना तोच मार्ग सोयीचा, कारण स्प्लाइन (शाफ्टच्या टोकावरच्या, डिफमध्ये अडकणाऱ्या लांबट खाचा) तीच राहते. जास्त स्प्लाइनचा जाड शाफ्ट हवा असेल तर लॉकरही त्याच स्प्लाइनचा लागतो. हेही लॉकरची ऑर्डर देण्याआधी ठरवायचं.

सगळंच अभेद्य करायच्या मागे मात्र लागू नका. काहीतरी तुटणारच असेल तर ते घरच्या फ्यूजसारखं स्वस्त आणि हाताला येणारं असावं. शाफ्ट किंवा प्रोपेलर शाफ्टचा (ट्रान्सफर केसकडून अ‍ॅक्सलकडे जाणाऱ्या लांब दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, वाटेत बदलता येतो, क्राउन-पिनियन नाही. क्राउन लहान ठेवून राक्षसी शाफ्ट लावणाऱ्यांनी आपला फ्यूज हाउसिंगच्या पोटात नेऊन ठेवलेला असतो.

तर तुमच्या जागी मी हे करेन. दोन्ही अ‍ॅक्सलला ४.५६ किंवा ४.८८, त्याच वेळी मागे बटणाचा लॉकर, मागचे शाफ्ट सी-क्लिपचे असतील तर क्रोमोलीचे. पुढचं डिफ तूर्त उघडंच, पण रेशोसाठी ते उघडणारच आहात, तर पुढे कधीतरी लॉकर नक्की घ्यायचा असेल तर तोही आत्ताच, म्हणजे मजुरी एकदाच. अख्खा अ‍ॅक्सल बदलायचा नाही. मागे डिफच्या पोटाखाली गार्ड, आणि ब्रेककडे लक्ष, कारण मोठा, जड टायर थांबवायला ब्रेकला जास्त झगडावं लागतं.

काम कोणाकडे देताय हे भागांच्या ब्रँडइतकंच महत्त्वाचं. बसवणाऱ्याला विचारा की पिनियनची खोली कशी ठरवता, प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) कशाने मोजता, बॅकलॅशला (क्राउन-पिनियनच्या दातांमधल्या मोकळिकीला) डायल गेज लावता का. ‘हाताने हलवून कळतं’ असं उत्तर आलं तर गाडी दुसरीकडे न्या. पुष्कळ अ‍ॅक्सलना बॅकलॅश ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान लागतो, आणि तो क्राउनवर तीन-चार जागी मोजून सारखा आला पाहिजे. दातांवर रंग लावून घेतलेल्या ठशाचा फोटो मागा. ठसा दाताच्या मध्याजवळ, किंचित आतल्या टोकाकडे झुकलेला चालतो, कारण भार आला की तो बाहेरच्या टोकाकडे सरकतो. नवी बेअरिंग, नवी सील. जुनी बेअरिंग ‘अजून चांगली आहेत’ म्हणून परत बसवू देऊ नका.

ब्रीदरची (हाउसिंगमधली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी त्याच दिवशी उंच, इंजिनच्या कप्प्यापर्यंत न्यायला सांगा. तापलेलं हाउसिंग गार पाण्यात उतरलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढलं जातं. पाण्यातून गेल्यावर तेल दुधाळ दिसलं तर ते त्याच आठवड्यात बदला.

नवं क्राउन-पिनियन पहिल्यांदा २५-३० किलोमीटर हलक्या पायाने चालवा, हात लावता येईल इतकं पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. पहिले ८०० किलोमीटर ओढकाम नाही, दगड नाहीत, मग तेल बदला. त्या तेलात बारीक करडी पूड येईल, ती चालते. खवले किंवा तुकडे आले तर गाडी पुढे न चालवता बसवणाऱ्याकडे परत न्या. जोर देताना किंवा पाय सोडल्यावर शिट्टीसारखा आवाज येत असेल तर तो कोणत्या वेगाला आणि कोणत्या अवस्थेत येतो हे लिहून ठेवा, त्यावरून ठसा कुठल्या बाजूला चुकलाय हे बऱ्यापैकी ओळखता येतं.

मला उत्तर आणखी नेमकं करता येईल, पण त्यासाठी तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. मागचा शाफ्ट सी-क्लिपचा आहे की बेअरिंगने धरलेला, क्राउनचा व्यास किती, आणि शाफ्टवर स्प्लाइन किती. शाफ्ट बाहेर काढालच तेव्हा स्प्लाइनच्या रेषा सरळ आहेत का तेही बघा. त्या किंचित पिळलेल्या दिसल्या तर शाफ्ट त्याच्या मर्यादेपलीकडे एकदा जाऊन आलाय, आणि मग वर लिहिलेलं ‘सी-क्लिपचे असतील तर’ विसरा, शाफ्ट बदलायचेच.